खिशातला बाजा : लिटल वॉल्टरची जीवनकथा

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेलेल्या आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने येताना माउथ ऑर्गन विकत आणला. त्यानंतर पंधरा-वीस दिवस संध्याकाळी व्हरांड्यातून एकच धून ऐकू येई. 'शोले' चित्रपटात जय बाहेर बसून बाजा वाजवतो आणि समोरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवीत जाते, त्या प्रसंगाची ती धून. 'शोले' 1975 चा. या मुलाचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, पण धून त्याच्यापर्यंत पोचली होती. वाजवणे बेताचेच होते. मुख्य म्हणजे तो नुसता फुंकत होता.

'शोले'तले ते वादन पडद्यामागे भानू गुप्ता यांनी केले होते. त्याआधी 1958 च्या 'सोलवा साल' मध्ये आणि 1964 च्या 'दोस्ती' मध्ये जो माउथ ऑर्गन ऐकू येतो तो राहुलदेव बर्मन यांचा. आपल्या चित्रपटांनी हे वाद्य नेहमी रस्त्यावरच्या, एकट्यादुकट्या माणसाच्या हाती दिले. मनात हुरहूर लावावी आणि बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम. पुढे माउथ ऑर्गन आणि त्याच्या मागे दोन गिटार, पियानो, ढोल असा अख्खा संच त्याच्या तालावर चालला आहे, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे सहसा येत नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मात्र अशी संगीताची एक मोठी परंपरा झाली. तिला ब्लूज म्हणतात, आणि त्या परंपरेत हा चार बोटांएवढा बाजा पुढे आणून बसवणारा माणूस म्हणजे लिटल वॉल्टर. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

ब्लूज म्हणजे काय हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांचे हे गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचा उलगडा करायचा, असा त्याचा साधा बांधा. बारा मात्रागटांचे आवर्तन संपले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणताना जशी आपले दुःख दळणात मिसळते, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की ब्लूजमध्ये गायकाने ओळ सोडली की तिला उत्तर देणारे एक वाद्य लागते. गळा बोलतो, वाद्य हुंकार देते. पूर्वी हे काम गिटार करी. गरीब घरच्या पोराला गिटार परवडत नसे, पण जर्मनीतल्या होनर कंपनीचा दहा छिद्रांचा माउथ ऑर्गन थोड्या नाण्यांत मिळे आणि खिशात मावे. म्हणून खेड्यापाड्यांत तो पोचला.

वॉल्टरचे पूर्ण नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. लुईझियाना राज्यातल्या मार्क्सव्हिल या गावी 1 मे 1930 रोजी त्याचा जन्म झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. लहानपण त्याच राज्यात अलेक्झांड्रिया शहराच्या आसपास गेले. शाळा फारशी झाली नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो बाजा घेऊन घराबाहेर पडला आणि न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, हेलेना, सेंट लुई असा मिळेल त्या कामावर आणि मिळेल त्या कोपऱ्यावर वाजवीत फिरत राहिला. बारा वर्षांचे पोर असे फिरते म्हटल्यावर आपल्याला धक्का बसतो. पण आपल्याही भागातून मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या टोळ्यांबरोबर त्या वयाची मुले गेलेली आपण पाहिली आहेत. त्यांच्या खिशात बाजा नसतो, एवढेच.

हेलेना हे मिसिसिपी नदीच्या काठचे गाव. तेथील नभोवाणी केंद्रावर 1941 पासून रोज दुपारी पिठाच्या एका कंपनीची जाहिरात करण्यासाठी ब्लूजचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होई, आणि त्यात राइस मिलर नावाचा एक अवलिया माउथ ऑर्गन वाजवी. तो स्वतःला सनी बॉय विल्यमसन म्हणवून घेई. खरा, म्हणजे आधीचा, सनी बॉय विल्यमसन वेगळाच. जॉन ली हे त्याचे नाव, तो टेनेसीचा आणि शिकागोत राहणारा. ब्लूजच्या तबकड्यांवर माउथ ऑर्गनला मानाची जागा 1937 पासून त्याने मिळवून दिली होती. एकाच नावाचे दोन वादक आणि दोघेही थोर, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. वॉल्टरने दोघांकडूनही घेतले. पहिल्याच्या तबकड्या ऐकून घेतले, दुसऱ्याच्या जवळपास राहून घेतले. त्यात त्याने तिसरी एक गोष्ट मिसळली. त्या काळी लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवादकाची नाचरी, ठसकेबाज गाणी सगळीकडे वाजत. सॅक्सोफोनच्या त्या लांबलचक ताना वॉल्टर आपल्या दहा छिद्रांतून काढू लागला.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो शिकागोला आला. या स्थलांतराचा एक मोठा इतिहास आहे. 1916 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. मळ्यावरचे कर्ज, वर्णभेद, मारहाण यांना कंटाळून गेली. कापूस वेचण्याचे यंत्र आल्यावर तर मळ्यांवर कामच राहिले नाही. शिकागोत पोलादाचे कारखाने होते, कत्तलखाने होते, आठवड्याचा पगार होता. मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी मोठा बाजार भरे. आपल्या आठवडी बाजारासारखाच, जुन्या कपड्यांपासून कोंबड्यांपर्यंत सारे मिळणारा. तेथे रस्त्यावर वाजवणाऱ्या कलावंतांची रांग लागे. वॉल्टर तेथे उभा राहू लागला. 1947 मध्ये त्याच बाजारातल्या रेडिओच्या एका दुकानदाराने त्याची पहिली तबकडी काढली.

पुढच्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, जॉन ली विल्यमसन कार्यक्रम आटोपून रात्री पायी घरी जात असताना लुटारूंच्या हल्ल्यात मारला गेला. चौतीस वर्षांचा होता. शिकागोतली ती जागा रिकामी झाली आणि अठरा वर्षांचा वॉल्टर तेथे हजर होता.

त्याच सुमारास तो मडी वॉटर्सच्या संचात आला. मडी हा मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा माणूस, 1943 मध्ये शिकागोला आलेला. त्याचा गळा खोल आणि जरबेचा. दुसऱ्या गिटारवर जिमी रॉजर्स. हे तिघे रात्री एका दारूगुत्त्यातून दुसऱ्यात जात, तेथे वाजवणाऱ्या संचाला हरवीत आणि टाळ्या व पैसे घेऊन पुढे जात. म्हणून लोकांनी त्यांना मुंडकी कापणारे असे नाव दिले होते. आपल्याकडे शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत हीच खुमखुमी असे.

आता या संचाच्या प्रत्यक्ष मैफिलीचा विचार करू. गुत्त्याची खोली लहान, छत ठेंगणे, धूर दाटलेला. दिवसभर कारखान्यात घालवलेली माणसे मोठ्याने बोलत आहेत. गिटार आता विजेच्या झालेल्या, ढोल दणदणीत. अशा गोंगाटात माउथ ऑर्गन कोणाला ऐकू येणार? वॉल्टरने यावर काढलेला उपाय ऐकायला सोपा वाटतो. त्याने स्वस्तातला एक लहान मायक्रोफोन घेतला, तो बाज्याबरोबरच दोन्ही ओंजळींत घट्ट धरला, आणि त्याची तार गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडली. ओंजळीची एक बंद पेटीच झाली. हवेला बाहेर पडायला जागा नाही, सारा दाब मायक्रोफोनवर. त्यातून निघालेला आवाज मूळ बाज्याचा राहिलाच नाही. तो जाड, खरखरीत, काळोखा झाला, पितळी तुतारीच्या जवळ गेला. लग्नात भोंगा जास्त मोठा केला की आवाज फाटतो आणि आपण कर्ण्यावाल्यावर ओरडतो. वॉल्टरने तो फाटलेला आवाजच स्वर म्हणून वापरला. असे जाणूनबुजून करणाऱ्या पहिल्या वादकांत त्याची गणना होते.

पण मायक्रोफोन तर कोणीही धरू शकला असता. खरी करामत श्वासाची होती, आणि पेटी ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना ती समजायला कठीण जाऊ नये. पेटीत आणि माउथ ऑर्गनमध्ये आवाज एकाच तत्त्वावर निघतो. हवेच्या झोताने पितळेची पातळ पत्ती थरथरते. पेटी दुरुस्त करणारे तिला सूर म्हणतात. माउथ ऑर्गनच्या दहा छिद्रांत असे वीस सूर असतात, प्रत्येक छिद्रात फुंकल्यावर एक आणि ओढल्यावर दुसरा. जर्मन कारागिरांनी तो फुंकून वाजवण्यासाठी बनवला. पांढरी एकचा बाजा घेतला तर फुंकले की पांढरी एकचाच षड्ज, गंधार, पंचम मिळतो, आणि सगळी मामला गोड व सरळ राहतो.

ब्लूजच्या वादकांनी हे उलटे केले. त्यांनी पांढरी एकच्या बाज्यावर पांढरी पाचला, म्हणजे मूळच्या पंचमाला, षड्ज मानले. आपल्याकडचे मूर्च्छनेचे तत्त्वच हे. असे केल्याबरोबर दोन गोष्टी होतात. एक तर निषाद आपोआप कोमल होतो, आपण म्हणू की खमाजची छाया येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आता षड्ज, गंधार, पंचम हे सारे महत्त्वाचे स्वर ओढण्याच्या श्वासावर येतात. आणि खालच्या छिद्रांतले ओढलेले स्वर तोंडाची पोकळी बदलून, जीभ मागे घेऊन खाली वाकवता येतात. शुद्ध गंधारावरून कोमल गंधारापर्यंत सरकता येते, मधल्या कोठल्याही जागी थांबता येते. पेटीला मींड काढता येत नाही हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली, त्यामागे हाच आक्षेप होता. त्याच जातीच्या या खेळण्यातून मात्र मिसिसिपीच्या अशिक्षित पोरांनी मींड काढून दाखवली. छाती आत ओढून काढलेला तो स्वर हुंदक्यासारखा ऐकू येतो, यात नवल नाही. हुंदकाही आतच ओढला जातो.

मडीच्या 1950 च्या आसपासच्या तबकड्या ऐकल्या तर वॉल्टर साथ कशी करतो ते कळते. गायकाची ओळ चालू असताना तो बहुतेक गप्प, किंवा मागे एखादा लांब स्वर धरलेला. ओळ संपली की अर्ध्या श्वासात तिच्या मनातले बोलून पुन्हा बाजूला. चांगला पेटीवाला नाट्यपद रंगवताना हेच करतो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर मंचापाशी बसलेला ऑर्गनवाला ज्यांनी नीट ऐकला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. नटाची तान तुटली तर तोच ती जोडतो, पण फलकावर मोठ्या अक्षरांत नाव नटाचे असते.

वॉल्टरचे नाव फलकावर आले ते 12 मे 1952 च्या ध्वनिमुद्रणामुळे. मडीचा संच कार्यक्रम संपवताना एक गाण्याविना धून वाजवी. पोलंडहून आलेल्या लिओनार्ड आणि फिल चेस या बंधूंच्या कंपनीने ती त्या दिवशी वॉल्टरच्या नावावर मुद्रित केली आणि तिला 'जूक' हे नाव दिले. संच मडीचाच, पण पुढे माउथ ऑर्गन. ही तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या विक्रीच्या यादीत आठ आठवडे पहिल्या स्थानावर राहिली. माउथ ऑर्गनची निव्वळ धून त्या यादीत पहिली येण्याचा तो एकमेव प्रसंग. असे सांगतात की संच त्या वेळी दक्षिणेच्या दौऱ्यावर होता आणि श्रीव्हपोर्ट गावात नाणे टाकून तबकडी वाजवायच्या यंत्रातून वॉल्टरने स्वतःचीच धून ऐकली. त्याने दौरा अर्धवट सोडला आणि शिकागो गाठले.

तेथे त्याने आणखी एक धाडस केले. लुई आणि डेव्ह मायर्स हे भाऊ व ढोलवादक फ्रेड बिलो यांचा एक तरतरीत संच ज्युनिअर वेल्स नावाच्या तरुण वादकाच्या मागे वाजवीत होता. वॉल्टर तेथे गेला आणि ज्युनिअर वेल्स मडीकडे आला. अशी जागांची अदलाबदल झाली. वागणे सभ्य नव्हते हे कबूल केले पाहिजे, पण त्या संचाने जे वाजवले त्याला तोड नाही. बिलोच्या हातात जाझचे हलकेपण होते. त्याच्यावर वॉल्टरचा बाजा तरंगत जाई. 1952 ते 1958 या सहा वर्षांत वॉल्टरच्या चौदा तबकड्या पहिल्या दहांत आल्या. विली डिक्सनने रचलेले 'माय बेब' हे गाणे 1955 मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. त्या काळापुरता तो मडीच्याही पुढे होता. तरीही मडीच्या ध्वनिमुद्रणांत तो बोलावल्यावर जात राहिला, हे मला त्याच्या स्वभावातले फार चांगले वाटते. 1954 मध्ये मडीचे जे सर्वांत गाजलेले गाणे मुद्रित झाले त्यात मागे वॉल्टरच आहे.

या काळात शिकागोतल्या प्रत्येक संचाला माउथ ऑर्गनवाला हवा झाला. मडीने तर पुढे कायम एक ठेवला. ज्युनिअर वेल्सनंतर जेम्स कॉटन आला आणि अनेक वर्षे राहिला.

मग उतार लागला. 1955 मध्ये चेस कंपनीकडेच चक बेरी आला, रॉक अँड रोलचे दिवस सुरू झाले, तरुण मंडळी गिटारच्या मागे गेली. वॉल्टर तिशीच्या आत जुना झाला. दारू होतीच. स्वभाव भडक, हाताला हात लागला की मारामारी. नंतरच्या छायाचित्रांत त्याच्या चेहऱ्यावर व्रण दिसतात. त्याच्या चाहत्यांपैकी काहींना हे व्रण कलावंताचे भूषण वाटतात. मला तसे वाटत नाही. बाराव्या वर्षापासून ज्याला कोणी घरी परत बोलावले नाही त्या माणसाचे ते व्रण होते, आणि त्यांनी संगीतात काही भर घातली असेल असे मानायला आधार नाही. उलट 1960 नंतरच्या त्याच्या ध्वनिमुद्रणांत श्वास अपुरा पडलेला ऐकू येतो.

1964 मध्ये तो इंग्लंडला जाऊन आला. गोऱ्या मुलांनी ब्लूज नुकताच शोधून काढला होता. अमेरिकेतही पॉल बटरफील्ड हा शिकागोचाच गोरा तरुण माउथ ऑर्गन पुढे ठेवून काळ्या-गोऱ्यांचा मिश्र संच चालवीत होता आणि 1965 नंतर विद्यार्थ्यांच्या गर्दीसमोर वाजवीत होता. ज्याच्याकडून तो शिकला तो वॉल्टर मात्र लहान गुत्त्यांतच राहिला. 1967 मध्ये युरोपात नेलेल्या ब्लूजच्या एका मोठ्या दौऱ्यात त्याला घेतले गेले. त्या दौऱ्याचे थोडे चित्रण उरले आहे आणि आज ते घरबसल्या पाहता येते. मी ते किती वेळा पाहिले असेल कोण जाणे. कोको टेलर ही धिप्पाड आवाजाची बाई गाते आहे, हाउंड डॉग टेलर गिटार घेऊन आहे, आणि एका बाजूला वॉल्टर, सडपातळ, कोटात, दोन्ही हात तोंडाशी. यादीत चौदा वेळा चढलेला माणूस पुन्हा साथीला उभा आहे. पण तिची ओळ संपल्याबरोबर जे उत्तर येते ते नेमक्या क्षणी येते. त्यात उपकाराचा भाव नाही की हिरमोडही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनीच, फेब्रुवारी 1968 मध्ये, शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका गुत्त्यात कार्यक्रमाच्या मध्यंतरात त्याची कोणाशी तरी मारामारी झाली. वरवर पाहता जखम मोठी नव्हती. पण आधीच्या अनेक माराची त्यात भर होती. रात्री तो मैत्रिणीच्या घरी जाऊन झोपला आणि 15 फेब्रुवारीला झोपेतच गेला. वय सदतीस. दाखल्यावर हृदयविकाराची नोंद झाली.

शिकागोजवळच्या एव्हरग्रीन पार्क येथील सेंट मेरी दफनभूमीत त्याला पुरले. त्या जागेवर 1991 पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, नावाचा दगड नव्हता. तो चाहत्यांनी बसवला. 2008 मध्ये रॉक अँड रोलच्या सन्मानितांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. निव्वळ माउथ ऑर्गनसाठी हा मान मिळालेला तोच. कोणत्या वर्गात म्हणाल तर साथीदारांच्या.

ब्लूज पुढे मुंबईतही आला. 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत या संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा वॉल्टरच्याच लुईझियानातला आणि त्याच्याच काळात, 1957 मध्ये, शिकागोला आलेला बडी गाय तेथे वाजवून गेला. अहेरीहून मुंबई दूर आहे. मी गेलो नाही.

वसतिगृहातल्या त्या मुलाला मी वॉल्टरची 'जूक' ऐकवली आणि श्वास आत ओढून वाजवायला सांगितले. सुरुवातीला त्याला खोकला आला. चार दिवसांनी तिसऱ्या छिद्रातून काहीतरी वाकडे, रडके निघाले आणि आम्ही दोघेही हसलो. परवा तो बाजा घेऊन आला तेव्हा चौथ्या छिद्राचा ओढायचा सूर गेलेला होता. जत्रेतला माल, जास्त ओढला की पत्ती तुटणारच. दुसरा, जरा बरा, कोठे मिळेल असे विचारीत होता. मी नागपूरचे एक दुकान सांगितले आहे.